काशीचं इमान

१० सप्टेंबर, दुपारची भांडी झाल्यावर
आजचे प्रेक्षणीय स्थळ : आमची ओसरी

बॅग आली! नारिंगी. वर पंख पसरल्यालं पाखरू आनि खाली नाव, सुखपाखरू टूर्स. आत एक टोपी, तीबी नारिंगी, आनि ही डायरी. एक जोड माझा, एक माझ्या थोरल्या जावंचा, साळूबाईचा. तिला लिहिता येत न्हाई, म्हनून तिनं तिची डायरी डुगडुगत्या पलंगाच्या पायाखाली घातली. पलंग आता हलत न्हाई.

मला लिहिता येतं. रातीच्या शाळेत बाराखडी शिकले, बाकीचं नातीनं, धनश्रीनं शिकवलं. जोडाक्षर कुठंकुठं सांडतं. पन वाचनार कोन? मीच. गोजराबाईला काय म्हनायचं हाय ते गोजराबाईला ठाव हाय.

डायरीच्या परत्येक पानावर वर छापलंय, आजचे प्रेक्षणीय स्थळ, आनि पुढं टिंबं. कंपनीनं इतक्या हौसेनं टिंबं दिलीत, रिकामी ठेवनं बरं दिसत न्हाई. काशीला जायाला अजून महिना हाय. तवर जे समोर असंल ते लिहीन.

तर. आमी दोघी काशीला चाललो. इमानानं! पुन्याहून. दसरा झाला की गाडी आमच्या फाट्यावर न्यायला येनार, कर्जतचा एजंट कल्याण सोता म्हनला. चहा दोनदा प्याला.

तशा आमी दोघी लई फिरल्यालो. सगळी जवानी फिरलो. पन कोयता घेऊन. दिवाळी झाली का ट्रॅक्टरवर बसायचं, कारखान्याच्या पट्ट्यात जायचं, ऊस तोडायचा, उन्हाळ्याला घरी. गावं लई बघितली, पन बघायचं म्हनून एकबी न्हाई. माझा लेक अजिनाथ तर उसाच्या कडंला, पाचटाच्या झोपडीत, कोपीत झाला. तवा साळूबाईनं तिचा ऊस तोडून माझ्या वाटचाबी तोडला, मी उठून बसंस्तवर. म्या पडल्या पडल्या म्हनलं, आक्का, तुला एकदा काशी दाखवीन, बिनकोयत्याची. ती म्हनली, आधी पोराला दूध पाज. तरीबी शब्द तो शब्द. तिला आता एका डोळ्यानं धुरकट दिसतं. लवकर गेल्यालं बरं.

बोकडं इकली, कल्याणला पैसे दिले. अजिनाथ म्हनला, आये, आधीच कशाला दिले? म्या म्हनलं, येड्या, ही उचल हाय. आजवर सीझनच्या आधी मुकादम आपल्याला उचल द्यायचा, आनि मग आपल्याला जावंच लागायचं. आता आपन मुकादमाला दिली. उचल घेतल्याला मानूस कुठं जातोय?

निश्चय. रोज लिहायचं. सवितासंगं, म्हंजी सुनेसंगं, भांडायचं न्हाई, काशीला जानारीचं मन साफ पायजे. आनि गावात कुनाला सांगायचं न्हाई. नजर लागती.

११ सप्टेंबर
आजचे प्रेक्षणीय स्थळ : पिठाची गिरनी

गावात कळलं. म्या न्हाई सांगितलं. टोपी घालून गिरनीत गेले तर बायकांनी इचारलं. खोटं कसं बोलनार, काशीला जानारी बाई.

सवितासंगं भांडन झालं. तिचीच चूक. नवी टोपी धुवायला टाकली.

१६ सप्टेंबर
आजचे प्रेक्षणीय स्थळ : बाटल्या

आपल्या नावाची गंगा आना म्हनून गावानं बाटल्या दिल्या. रतनबाईनं सरबताची दिली. बनुबाईनं औषधाची, आत अजून लाल थेंब हाय. एकानं तर पाच लिटरचा क्यान. म्या कुनाला न्हाई म्हनले न्हाई. पोतं भरलंय.

शेजारची झुंबरबाई आली नुसती बघायला. बाटली न्हाई आनली. म्हनली, गोजराबाई, इमान वर गेल्यावर खिडकी उघडू नगं, टोपी उडंल. जळती ती. तिचा लेक तिला कर्जतच्या बाजाराच्या पुढं नेत न्हाई.

मावंदंबी ठरवलं. काशीहून आल्यावर गंगेची पूजा करून गावाला जेवन घालायचं, ते मावंदं. आल्यावर ठरवत्यात खरं, पन दिवसाच्या दिवशी आचारी कुठं गावतोय? म्हनून आधीच सांगून ठिवला. बुंदी, वांग्याची भाजी, आमटी. अजिनाथ म्हनला, आये, आधी जा तर खरं. ह्याला बापाचा सोभाव आला. बापबी असाच, पाऊस पडला तरी म्हनायचा, पडंल का न्हाई कुनास ठाऊक.

१९ सप्टेंबर
आजचे प्रेक्षणीय स्थळ : प्लास्टिकची खुर्ची

इमानाची प्रॅक्टिस. धनश्री म्हनली, आज्जे, पट्टा बांधून बसावं लागतं, उठायचं न्हाई. साळूबाईला खुर्चीत बसवलं आनि गाईच्या दाव्यानं पोटावर पट्टा बांधला. ती बसल्या बसल्या झोपली. मी शेंगा फोडाय गेले ते इसरलेच. दूधवाला आला, त्यानं बघितलं. घंटाभरात गावभर, धाकटीनं थोरलीला दाव्याला बांधून घातली. पोलीसपाटील बघाया आला. साळूबाई त्याला म्हनली, थांब रं बाबा, इमान अजून उतरलं न्हाई.

तिच्या बॅगेत कोयता सापडला, लुगड्याच्या घडीत. धनश्री म्हनली, मोठ्या आज्जे, इमानात कोयता नेला तर धरून नेतील. साळूबाई म्हनली, अगं बाहेरगावी जायाचं तर हात मोकळा कसा वाटतोय, काढवत न्हाई. म्या काढून वळचनीला खोचला. बिनकोयत्याची म्हंजी बिनकोयत्याची.

२५ सप्टेंबर
आजचे प्रेक्षणीय स्थळ : मोबाईल

कल्याणला फोन केला, गाडी किती वाजता येती इचारायला. बंद. सकाळी बंद, दुपारी बंद. फोनमधली बाई लई गोड बोलती, पन तेच तेच बोलती.

सविताच्या तोंडावर काळजी. मला हसू आलं. धनश्रीनंच तर सांगितलंय, इमानात बसलं की फोन बंद ठेवावा लागतो. म्हंजी कल्याण इमानात हाय. आमच्या आधी जाऊन जागा बघून येत असंल. मुकादम न्हाई का, टोळी न्यायच्या आधी उसाचा फड बघून येतो.

बॅग भरली. परत काढली. परत भरली.

२९ सप्टेंबर
आजचे प्रेक्षणीय स्थळ : लिंबाखाली, तितंच रेंज येती

लागला! कल्याणनं उचलला! आवाज पार खोल गेल्याला, हिरीतनं बोलल्यावानी. म्या म्हनलं, बाबा, जेवला का? तो म्हनला, आज्जी, कंपनीचं दिवाळीला निघायचं. आनि कट.

सविता कान लावून उभी हुती. म्हनली, आत्याबाई, दिवाळं निघालं म्हनला तो. दिवाळी न्हाई, दिवाळं. कंपनी बुडाली. म्या म्हनलं, तुला काय ऐकू आलं? फोन माझ्या कानाला हुता. आनि इमानाची कंपनी बुडंल कशी? बुडती ती नाव.

तर दसऱ्याचं दिवाळीवर गेलं. चांगलंच झालं. थंडी पडंल, बुंदी टिकंल. मावंदं त्रिपुरी पुनवंच्या पुढं ढकललं. आचाऱ्यानं कपाळाला हात लावला.

साळूबाईला सांगितलं. ती म्हनली, बरं. ती सगळ्याला बरंच म्हनती.

३ ऑक्टोबर
आजचे प्रेक्षणीय स्थळ : अजिनाथचं तोंड

अजिनाथनं समोर बसवून पेपर वाचून दाखवला. सुखपाखरूचं ऑफिस बंद, मालक पळाला, लोक कुठंकुठं अडकल्यात. कुनाला हॉटेलवाल्यानं सामान दिलं न्हाई, कुनी पोरंबाळं घेऊन टेसनावर झोपलं. म्हनला, आये, कळतंय का? गाडी येनार न्हाई. दसऱ्याला न्हाई, दिवाळीला न्हाई, कवाच न्हाई.

म्या म्हनलं, पेपरात पावसाचंबी येतं, तो कुठं पडतोय?

लेक चांगला हाय, पन मन बारीक. उद्या परवा नगरला जाऊन ऑफिस बघून येते. डोळ्यानं बघितल्याशिवाय मी कशावर भरवसा ठेवत न्हाई.

६ ऑक्टोबर
आजचे प्रेक्षणीय स्थळ : नगर (एस्टीच्या पाटीवर अहिल्यानगर)

धनश्रीला घेऊन गेले. अर्धं तिकीट. ऑफिस लई झकास, शटरवर आपलंच पाखरू. शटर खाली हुतं. जेवायची सुट्टी असंल.

आनि गर्दी! सगळ्यांच्या हातात नारिंगी बॅगा. एवढी मानसं चाललीत म्हंजी कंपनी जोरात हाय. एक रिटायर मास्तर नि त्यांची बायको, काश्मीरला जानार हुते, दोघांनी सारखे सेटर इनून घेतल्याले, उनात अंगात घालून उभे. एक नवीन लगीन झाल्यालं जोडपं, पोरीची मेंदी पार उतरून गेली तरी केरळ न्हाई. एकजन रडत हुता, आईबाप तिकडं उत्तरंला अडकलेत म्हनं, परतीचं तिकीटच काढल्यालं न्हाई. त्याला म्या भाकरी दिली, ठेचा दिला. म्या म्हनलं, जायाचं तिकीट खरं निघालं ना? मग झालं की. आमचंबी तेवढं निघू दे.

मग सगळे वरडाय लागले, परत द्या, परत द्या. मीबी थोडं वरडले. मग ध्यानात आलं, परतायचं कशाला म्हनतात? म्या वरडले, परत नगं, आधी जाऊ तर द्या! मास्तर हसले. मग त्यांची बायको माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. सेटर टोचत हुता.

वॉचमन भला मानूस. म्हनला, मावशी, उगं उनात थांबू नका, ह्या लोकांच्यात इमान राह्यलं न्हाई. म्या म्हनलं, इमान न्हाई तर न्हाई, रेल्वेनं जाऊ, आमचं काई अडत न्हाई. येताना एस्टीत धनश्री खिडकीकडं तोंड करून बसली. तिला गाडी लागती.

एकंदरीत चौकशी चांगली झाली.

१७ ऑक्टोबर, वसुबारस
आजचे प्रेक्षणीय स्थळ : फाटा

दिवाळी लागली. सकाळपासून दोघी बॅगा घेऊन फाट्यावर. गाडी आली न्हाई. आजच तर लागली दिवाळी.

२० ऑक्टोबर
आजचे प्रेक्षणीय स्थळ : फाटा

आज कोन गाडी काढनार? सनाचं ज्याच्या त्याच्या घरी असतात.

२२ ऑक्टोबर, पाडवा
आजचे प्रेक्षणीय स्थळ : फाटा. झुंबरबाईबी.

झुंबरबाई मुद्दाम फाट्यावरनं गेली. म्हनली, पाखरू उडालं गं गोजराबाई, पिंजरा तेवढा तुझ्याकडं राह्यला. बॅगेला म्हनली. साळूबाईच बोलली. म्हनली, झुंबरे, आमचा पिंजरा तर हाय, तुला कुनी दानाबी टाकला न्हाई. लई बरं वाटलं.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
आजचे प्रेक्षणीय स्थळ : फाटा

ड्रायव्हरलाबी बहीन असंलच की.

साळूबाईला म्हनलं, आक्का, उद्या तू नगं येऊ, मी बघते, आली तर हाक मारीन. ती म्हनली, घरात बसून तरी काय करू? आनि तू येकटी बसलीस तर लोक तुला येडी म्हनतील. दोघी असलो की वाट बघत्यात म्हनतील.

२५ ऑक्टोबर, सकाळी
आजचे प्रेक्षणीय स्थळ : ट्रॅक्टर

गाडी आली! लांबून धुरळा बघून म्या टोपी घातली, साळूबाईला घातली, बाटल्यांचं पोतं उचललं. ट्रॅक्टर निघाला. मुकादम बिभीषणचा. वर टोळी, भांडी, शेळ्या, पोरं. वरच्या बाया हासाय लागल्या. बिभीषण वरडला, काकू, चला बसा, काशीला सोडतो! म्या इचारलं, खरंच का? तो म्हनला, पुनतांब्याला चाललोय ऊस तोडाय. दक्षिन काशी म्हनतात त्याला. गंगाबी हाय.

ट्रॅक्टर गेला. धुरळा बसला. मी इचार करत राह्यले.

काशी म्हंजी काय? गंगा. आनि गोदावरीला आपल्या नगर जिल्ह्यात लोक काय म्हनतात? गंगाच म्हनतात. गंगाथडीचा ऊस, गंगाथडीचे पाहुने. मग एवढं पुन्याला जाऊन, इमानात दाव्यानं बांधून घेऊन जायाची गरजच काय? कल्याणच्या डोक्यात हे आलं न्हाई. शिकल्याली मानसं लांबचा रस्ता धरतात.

निश्चय. पुनव झाली की पुनतांबा. कंपनीवर अवलंबून ऱ्हायचं न्हाई. अजिनाथला सांगितलं तर तो, कवा न्हाई ते, न्हाई म्हनला न्हाई. म्हनला, जा आये, पन मोठ्या आईला सांभाळ.

मावंदं ठरल्याप्रमानं. गंगेला कुठं नाव लिहिल्यालं असतं?

८ नोव्हेंबर, घरी आल्यावर
आजचे प्रेक्षणीय स्थळ : दक्षिन काशी (हे सकाळीच लिहून ठिवल्यालं. खोडायचं हाय.)

एस्टीनं नगर, नगरहून श्रीरामपूर, तितनं पुनतांबा. साळूबाईला तिकीटच न्हाई, पंच्याहत्तरीच्या पुढं फुकट. ती कंडक्टरला म्हनली, इमानातबी असंच असतं का? तो म्हनला, आज्जी, इमानात फुकटवाल्यांना खालीच ठेवतात. तिला पटलं.

नदी दिसली. पानी चांगलं हुतं. दोघींनी अंघोळ केली, दिवा सोडला, बाटल्या भरल्या, क्यानबी भरला. मी म्हनलं, झाली आक्का काशी! ती पान्याकडं एका डोळ्यानं बघत हुती. म्हनली, गोजरे, हा घाट वळखलास का?

म्या म्हनलं, न्हाई.

ती म्हनली, आपन हितंच धुनी धुवायचो. अजिनाथ झाला त्या सालचा फड हितलाच. ह्या धोंड्यावर म्या तुझी बाळंतिनीची लुगडी आपटली.

म्या म्हनलं, तो घाट येगळा. ती म्हनली, बरं.

धोंडा तोच हुता. मधी चिरल्याला. पन म्या तिला ते सांगितलं न्हाई.

परतीच्या गाडीला येळ हुता म्हनून रस्त्यानं चालाय लागलो. दोन्ही अंगाला ऊस, डोक्याच्या वर. बांधावर बिभीषण बसल्याला, डोकं धरून. टोळीतली बरीचशी जोडपी दुसऱ्या मुकादमाकडं पळाली म्हनं, उचल घेऊन. कारखान्याची गाडी उभी, भरायला ऊस न्हाई, शेतकरी शिव्या देतोय. म्या म्हनलं, अरं, उचल घेतल्याली मानसं पळतील कशी? तो म्हनला, काकू, पळाली ना. सकाळपासून फोन लावतोय, बंद लागतोय.

आनि माझ्या तोंडातून गेलं, इमानात बसले असतील.

साळूबाई हसली. आधी दबून, मग पदर तोंडात घालून, मग बांधावर बसूनच. बिभीषणबी हसला, एवढ्या दुखात. मीबी हसले. मग माझं हसू थांबलं. मी काय बोलले ते मला ऐकू आलं. महिनाभर बोलत हुते, आज पहिल्यांदा ऐकू आलं.

मग म्या बांधावर बसले. गाडी न्हाई येनार. बोकडं गेली. आक्काला धुरकट दिसतं. एवढंच मनात येत राह्यलं.

साळूबाई उठली. नारिंगी बॅगेत हात घातला आनि लुगड्याच्या घडीतनं कोयता काढला. म्या म्हनलं, आक्का, हा वळचनीला खोचला हुता की! ती म्हनली, एस्टीत कोन तपासतंय. चल, पोरगं अडकलंय, गाडीचं जरा तोंड तरी भरू. म्या म्हनलं, आपन काशीला आलोय. ती म्हनली, काशी झाली की. मघाच झाली. तू इसरली नव्हतीस, तेवढं मला बास हाय. आता उगं बसून काय करू?

एका डोळ्यानं तोडते बाई, पन बुडख्याला. एक कांडं वर न्हाई. मी मोळ्या बांधल्या. हात इसरले नव्हते. कंबर इसरली हुती. आनि ऊस तोडला की तहान लागती. आमी प्यालो, बिभीषण प्याला, राह्यलेल्या बाया प्याल्या, पोरं प्याली, शेतकऱ्याला ठसका लागला त्यालाबी दिलं. रतनबाईची गेली, बनुबाईची गेली, क्यान शेवटी गेला.

घरी आलो. एका बॅगेत रिकाम्या बाटल्या, एका बॅगेत गाईला उसाचं वाढं, शेंड्याचा हिरवा पाला. झुंबरबाई दारातच. म्हनली, आनली का गंगा? साळूबाई म्हनली, आनली हुती, वाटंत तहानल्याली मानसं भेटली.

अजिनाथला मावंदं इचारलं. त्यानं माझे हात बघितले, फोड आल्याले. मग आचाऱ्याला फोन लावला, न्हाई म्हनून सांगितलं. म्हनला, आये, ऊस तोडून आल्याचं मावंदं घालतात का कुठं?

गाईनं वाढं खाल्लं. साळूबाई झोपली, टोपी घालून. वरचं खोडते.

आजचे प्रेक्षणीय स्थळ : ऊस.